जुना बी-२७५ : तिसरी बॅटरीही उतरली, डायनामो चार्ज देत नाही

कऱ्हाकाठ | शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. आमच्याकडे सासवडजवळ महिंद्रा बी-२७५ आहे. आजोबांनी १९७६ साली घेतला, वडिलांनी वापरला, आता मी वापरतो. मी हडपसरला नोकरीला, त्यामुळे शनिवार-रविवारच शेतात हात लागतो. इंजिन खणखणीत आहे, हायड्रॉलिक दोन वर्षांपूर्वी करून घेतलं. दुखणं फक्त चार्जिंगचं, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी भरणाऱ्या डायनामोचं.

गेल्या दिवाळीत सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक्-टक्. बॅटरी चार वर्षांची होती, तिचं वय झालं असं धरून ८८ अँपिअरची नवी टाकली. शिमग्याच्या सुमारास तीही बसली. दुकानदाराने चार्ज करून दिली, पंधरा दिवसांत परत तेच. मग तो म्हणाला बॅटरीच खराब निघाली, वर थोडे पैसे घेऊन बदलून दिली. ती परवा उतरली. आता वडील रोज संध्याकाळी ट्रॅक्टर उतारावर लावतात आणि सकाळी गिअरमध्ये टाकून चालू करतात. त्यांना बहात्तरावं चालू आहे. मला ते बघवत नाही.

एका मेकॅनिकने चालू इंजिनवर बॅटरीची तार काढली. इंजिन बंद पडलं नाही म्हणून "डायनामो चांगलाय" म्हणाला. दुसरा नुसता डायनामोकडे बघून "गेला, अल्टरनेटर टाका" म्हणाला, म्हणजे त्याच कामाचं नव्या धाटणीचं यंत्र. अँपिअर मीटरचा काटा इंजिन चालू असताना शून्याच्या जरा डावीकडे असतो, लाईट लावले की आणखी डावीकडे जातो, म्हणजे बॅटरी भरत नाही, उलट रिकामी होते.

घाई एवढ्यासाठी की माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला येते आणि दोन रात्री मुक्कामी असते. आमच्या वावरात दरवर्षी एक दिंडी उतरते. त्यांच्या पाण्याचा टँकर हाच ट्रॅक्टर ओढतो, रात्री अकरा-बारालासुद्धा. त्या गर्दीत लाईट नसलेला ट्रॅक्टर मी रस्त्यावर काढणार नाही. जेमतेम तीन आठवडे आहेत. काय करू?


रोटा_दौंड | शनिवार, रात्री १०:१५

अल्टरनेटर टाका आणि मोकळे व्हा. मी माझ्या जुन्या ट्रॅक्टरला टाकलाय, स्लोवर, म्हणजे इंजिन कमीत कमी वेगात असताना पण चार्जिंग देतो. डायनामोचे सुटे भाग शोधण्यात आयुष्य जाईल.


काळी_माती | शनिवार, रात्री १०:३२

कऱ्हाकाठ दादा, पहिल्या मेकॅनिकची परीक्षा काहीच सांगत नाही. डिझेल इंजिनला चालू राहायला वीज लागतच नाही. पंप यांत्रिक, बंद करायला ओढायची दांडी. बॅटरी काढून घरी नेली तरी इंजिन दिवसभर चालेल. पेट्रोल गाडीवर शिकलेली सवय आहे ती, आणि तिथेही वाईटच. चालू इंजिनवर बॅटरी सोडवली तर अल्टरनेटरचे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जाऊ शकतात. डायनामोलाही ते बरं नाही, कारण सगळ्या वायरिंगवर एकदम जास्त व्होल्टेज येतं. परत कुणाला करू देऊ नका.

म्हणूनच ट्रॅक्टरचं चार्जिंग गेलेलं महिनोन् महिने कळत नाही. नांगरट होते, ट्रॉली जाते, कळतं ते सकाळी सेल्फ मारल्यावर.


जुना_वायरमन | रविवार, सकाळी ६:०५

मी नाना पेठेत चाळीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलं. आता दुकान मुलगा बघतो. बी-२७५ चे डायनामो किती बांधले त्याची गणती नाही.

बेटा, आत्तापर्यंत तीन बॅटऱ्या झाल्या, पण त्यांच्यावर एकदाही मीटर लागलेला दिसत नाही. आधी मोज, मग खर्च कर. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत साधा डिजिटल मीटर मिळेल. त्याबरोबर एक हायड्रोमीटर घे. काचेच्या नळीत तरंगणारा, वर रबरी फुगा असलेला.

पहिली पायरी फक्त बॅटरीची. रात्रभर ट्रॅक्टर उभा राहू दे. सकाळी काही चालू न करता बॅटरीच्या दोन टर्मिनलवर व्होल्ट बघ. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. मग सहाही झाकणं काढून हायड्रोमीटरने प्रत्येक खान्याची ग्रॅव्हिटी (आतल्या आम्लाची घनता) लिहून घे. भरलेल्या बॅटरीला १२५०च्या आसपास किंवा वर यायला हवी. पण आकड्यापेक्षा खान्याखान्यातला फरक महत्त्वाचा. पाच खाने सारखे आणि एकच पन्नासने खाली असेल तर बॅटरी गेली. सहाही सारखेच खाली असतील तर बॅटरी बिचारी उपाशी आहे, तिला कुणी खायला घातलेलं नाही.

जवळ बिडी-सिगारेट नको, हायड्रोजन असतो. डोळ्यावर चष्मा लाव. पाणी कमी असेल तर डिस्टिल वॉटरच घाल, विहिरीचं नाही. आणि एक सांग, बॅटरीची कुठली तार बॉडीला आहे, प्लस की मायनस?


कऱ्हाकाठ | रविवार, दुपारी १:२०

काका, मनापासून आभार. मीटर शेजारच्याचा मिळाला, हायड्रोमीटर सासवडच्या बॅटरीवाल्याकडून आणला. मायनस बॉडीला आहे.

बॅटरी ११.९५ व्होल्ट. खाने: ११५०, ११५०, ११४०, ११५०, ११५०, ११४५.


जुना_वायरमन | रविवार, दुपारी १:४५

बघ. सहाही सारखे. ही बॅटरी चांगली आहे, फक्त रिकामी आहे. म्हणजे तुझी मागची बॅटरीही बहुधा चांगलीच होती.

मायनस बॉडीला हे लिहून ठेव. जुन्या ब्रिटिश घडणीच्या पुष्कळ गाड्यांत आणि ट्रॅक्टरांत प्लस बॉडीला असायचा. मधे कुणी उलटी बॅटरी बसवली आणि डायनामोला नव्या दिशेची सवय लावली नाही तर कटआउट (डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा आपोआप चालणारा स्विच) तडतडतो, त्याचे पॉइंट जळतात. म्हणून विचारलं.

बॅटरी आजच काढून चार्जरवर लाव. आठ अँपिअरने दहा-बारा तास. उपाशी बॅटरी डायनामोच्या गळ्यात बांधायची नाही, वीस-बावीस अँपिअरचा जीव आहे त्याचा.


उसाचा_मळा | रविवार, दुपारी ३:१०

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझ्या ट्रॅक्टरला अल्टरनेटर आहे. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.३ येतात, म्हणजे चार्जिंग ठीक ना? तरी दोन दिवस उभा राहिला की सेल्फ उचलत नाही. रोटाव्हेटरच्या पात्याच्या फ्लँजला ट्रॅक्टरला जोडलेला असतानाच वेल्डिंग करून घेतलं, तेव्हापासून आहे.


काळी_माती | रविवार, दुपारी ३:४०

उसाचा मळा, तुमचं उत्तर तुमच्याच शेवटच्या वाक्यात आहे. वेल्डिंगच्या करंटने डायोड अर्धा मेला असणार. चार्जिंग देतो, पण इंजिन बंद असताना बॅटरीतला करंट त्याच डायोडमधून बॉडीला गळतो.

दोन मापं घ्या. एक, इंजिन चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर करून बॅटरीवर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर डायोड संशयित. दुसरं, इंजिन बंद, किल्ली बंद, बॅटरीची मायनस तार काढा आणि टर्मिनल व तार यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावा. पन्नास मिलिअँपिअरच्या आत हवं. जास्त आलं तर अल्टरनेटरची जाड तार सोडवून टेप लावा आणि परत मोजा. आकडा पडला तर चोर तोच. सेल्फ मारताना मात्र मीटर मध्ये ठेवू नका, फ्यूज जाईल.

पुढच्या वेळी वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही तारा आणि अल्टरनेटरचं सॉकेट काढायचं. वेल्डिंगची अर्थिंग वेल्ड करायच्या तुकड्यालाच, जवळात जवळ.


उसाचा_मळा | रविवार, संध्याकाळी ६:५५

३८० मिलिअँपिअर होतं. जाड तार काढल्यावर मीटरवर जवळजवळ शून्य. उद्या अल्टरनेटर खोलायला देतो, डायोड प्लेट बदला म्हणून नेमकं सांगता येईल. खूप धन्यवाद. धागा परत कऱ्हाकाठ यांच्याकडे.


रोटा_दौंड | रविवार, रात्री ८:३०

मी अजूनही म्हणेन की अल्टरनेटर टाकून घ्या. वारीची रात्र म्हणजे ट्रॅक्टर तासन् तास स्लोवर, लाईट चालू. डायनामो स्लोवर काही देत नाही.


जुना_वायरमन | सोमवार, सकाळी ६:२०

रोटा, तुमचं म्हणणं खोटं नाही. स्लोवर डायनामो झोपतो, अल्टरनेटर जागा असतो. कुणी चार-चार हॅलोजन लावले असतील, प्रत्येकी ५५ वॅटचे, तर ते अठरा अँपिअर झाले, तिथे डायनामो पुरणार नाही. पण याच्याकडे दोन हेडलाईट आणि मागचा एक दिवा. शंभर वॅट धरा, आठ अँपिअर. त्याला वीस अँपिअरचा डायनामो पुष्कळ झाला.

आणि सेल्फचं म्हणाल तर हिशोब करा. सेल्फ तीनशे अँपिअर ओढतो असं धरलं आणि दहा सेकंद मारला, तरी पाऊण-एक अँपिअर-तास जातो. दहा अँपिअरने पाच-सात मिनिटांत परत भरतो. बॅटरीतून पाणी काढलं तेवढं परत ओतणारा हवा, बस्स.

बिघाड कुठे आहे ते न शोधता अल्टरनेटर टाकला आणि बिघाड वायरिंगमध्ये निघाला, तर तोही उपाशीच ठेवेल. आधी शोधू. मग हवं तर हौसेने टाकू दे.

बेटा, आता डायनामो. मागच्या बाजूला दोन टर्मिनल आहेत, मोठं डी, जिथून करंट बाहेर येतो, आणि लहान एफ, म्हणजे फील्ड, चुंबक बनवणारं वेटोळं. दोन्ही तारा काढ, खुणा कर, टोकांना टेप लाव. पट्टा तपास, दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर अर्धा-पाऊण इंच दबला पाहिजे. मग मीटरची एक तार डी ला, दुसरी डायनामोच्या खरवडलेल्या बॉडीला. इंजिन स्लोपेक्षा जरा वर. नुसत्या डी वर दीड-दोन व्होल्ट यायला हवेत. तो पोलादात उरलेल्या चुंबकत्वाचा असतो. मग इंजिन बंद करून डी आणि एफ तांब्याच्या तारेने जोड, परत चालू कर, हळूहळू वाढव. मीटरचा आकडा झपकन पंधरा-अठरा व्होल्टवर गेला पाहिजे. वीसच्या पुढे नेऊ नकोस.


कऱ्हाकाठ | शनिवार, दुपारी १२:४०

आठवडाभर थांबवलं, क्षमस्व. आज माप घेतलं. बॅटरी चार्ज होऊन १२.७ वर आहे.

नुसत्या डी वर ०.३ व्होल्ट. डी-एफ जोडल्यावर जेमतेम २. डायनामो गेलाच म्हणायचा का?


जुना_वायरमन | शनिवार, दुपारी १२:५५

घाई नको. ०.३ म्हणजे बहुतेक करून कार्बन, फिरत्या तांब्यावर टेकून करंट घेणारे दोन ठोकळे. डायनामोच्या मागच्या टोकावरची पत्र्याची पट्टी सरकव नाहीतर मागचं झाकण काढ. कार्बन त्याच्या घरात सहज वरखाली होतो का बघ. लांबी पाव इंचाच्या जवळ आली असेल तर बदल, नाना पेठेत जोडी मिळते. तांब्याचा कम्युटेटर काळा असेल तर पेट्रोलच्या फडक्याने पूस, मग बारीक पॉलिश पेपर गोल फिरव. एमरी पेपर वापरू नकोस, त्याची पूड वीज वाहते आणि पट्ट्यांच्या फटीत बसते. फटी सुईने मोकळ्या कर.


कऱ्हाकाठ | शनिवार, संध्याकाळी ५:३०

काका, एक कार्बन त्याच्या घरात घट्ट अडकलेला. वरून स्प्रिंग दाबतेय, पण कार्बन खाली उतरतच नव्हता. बाजूंवर तेल आणि काळ्या भुकटीचा लेप जमून घट्ट झालेला. वडील म्हणाले डायनामोच्या मागच्या बुशच्या भोकात ते दर महिन्याला तेल सोडायचे, "जास्त घातलं तर बरं" म्हणून. तेच आत आलं. कार्बन धुतला, बाजू पेपरवर हलक्या घासल्या, आता बोटाने उचलला की सोडल्यावर टप्पकन बसतो. लांबी चांगली आहे. कम्युटेटर तांब्याच्या भांड्यासारखा चमकतोय.


जुना_वायरमन | शनिवार, संध्याकाळी ५:४०

छान. वडिलांना सांग, दोन-तीन थेंब, तेही दोन-तीन महिन्यांतून एकदा.

आता पट्टा सैल करून काढ. डी आणि एफ जोडलेलेच ठेव आणि बॅटरीच्या प्लसवरून एक तार त्या जोडाला लाव. डायनामो मोटरसारखा सावकाश, एकसारखा फिरला पाहिजे. इंजिन फिरवतं त्याच दिशेने. चार-सहा अँपिअर घेईल. फिरला तर आर्मेचर (आतला फिरणारा भाग), फील्ड, कार्बन तिन्ही ठीक, आणि त्याच वेळी त्याला मायनस बॉडीची दिशाही मिळते. पाच-सात सेकंदच ठेव.


कऱ्हाकाठ | शनिवार, संध्याकाळी ६:१५

फिरला! माझा पुतण्या टाळ्या वाजवत होता. पट्टा बसवून परत माप घेतलं: नुसत्या डी वर १.८, जोडल्यावर १८ सहज. मग तारा जागेवर लावल्या, इंजिन चालू केलं, आणि बॅटरीवर १२.५ च्या वर काही जाईना. काटा तिथेच, शून्याच्या डावीकडे.


अंजीरबाग | शनिवार, संध्याकाळी ७:००

मी पुरंदरचीच, आमच्याकडेही जुना डायनामोवाला ट्रॅक्टर आहे. हा धागा सकाळ-संध्याकाळ वाचतेय. आता कटआउटच ना?


जुना_वायरमन | शनिवार, रात्री ७:२०

हो ताई, आता कटआउट आणि रेग्युलेटरचा डबा. डायनामो निर्दोष सुटला.

बेटा, झाकण काढ, आत कशालाच हात लावू नकोस, स्क्रू तर मुळीच फिरवू नकोस. टर्मिनलवर अक्षरं असतील: ए, ए१, एफ, डी, ई. ए म्हणजे बॅटरीची बाजू, डी म्हणजे डायनामोची. इंजिन मध्यम ठेवून मीटरची काळी तार थेट बॅटरीच्या मायनसवर धर आणि लाल तारेने ए, डी, ई तिन्हींचे व्होल्ट लिही. ई सुद्धा, विसरू नकोस. डी वर वीसच्या वर गेलं तर लगेच रेस सोड.

आणि एक आठव. ट्रॅक्टरला रंग कधी दिला?


कऱ्हाकाठ | रविवार, सकाळी ८:५०

काका, तुम्हाला कसं कळलं? गेल्या दसऱ्याच्या आधी, खंडेनवमीच्या पूजेसाठी पूर्ण रंगवून घेतला. तांबडा, एकदम नव्यासारखा. दिवाळीत पहिली बॅटरी बसली.

मापं: ए वर १२.४. डी वर १७, रेस वाढवली की १९ आणि आणखी चढत होता, घाबरून बंद केलं. ई वर १६.८.


जुना_वायरमन | रविवार, सकाळी ९:०५

सापडलं. इंजिन चालू करू नकोस आता.

मंडळी, जरा सविस्तर सांगतो, कारण हा बिघाड मी शेकडो वेळा पाहिलाय आणि दर वेळी आधी बॅटरी, मग डायनामो, मग डबा बदलून लोक माझ्याकडे यायचे.

डब्यात दोन रिळं असतात. एक कटआउटचं, एक रेग्युलेटरचं. दोन्हींवर बारीक तारेचं वेटोळं आहे, त्याचं एक टोक डी ला आणि दुसरं ई ला. ई म्हणजे बॉडीची वाट. डायनामोचे व्होल्ट तेरापर्यंत आले की त्या वेटोळ्यातून पुरेसा करंट जातो, रीळ चुंबक बनतं, पट्टी ओढली जाते, पॉइंट मिळतात आणि डायनामो बॅटरीला जोडला जातो. व्होल्ट आणखी चढले की रेग्युलेटरची पट्टी ओढली जाते आणि फील्डचा करंट कापते, म्हणून व्होल्ट आवरले जातात.

आता ई ची वाट तुटली तर वेटोळ्यातून करंट जाणार कुठून? रिळं मेलेली. कटआउट कधी मिळतच नाही, म्हणून बॅटरीला काही जात नाही. रेग्युलेटर कधी ओढत नाही, म्हणून डायनामोला लगाम नाही, रेस देशील तेवढा चढतो. डी वर १९ आणि ए वर १२.४, हे त्याचंच लक्षण. आणि ई, जो बॉडीला जोडलेला असल्यामुळे शून्य दाखवायला हवा, तो १६.८ दाखवतोय. तो अधांतरी लटकलाय.

रंगारी सगळं खोलतो, सगळ्याला रंग मारतो, आणि परत बोल्ट आवळताना तारेचं थिंबल (टोकाची कडी) रंगावरच आवळतो. सुरुवातीला बोल्टच्या आट्यांतून थोडा स्पर्श असतो, मग गंज चढतो. ई वरून निघालेली काळी तार शोध, ती कुठल्या बोल्टखाली जाते बघ.


कऱ्हाकाठ | रविवार, दुपारी १२:१०

वडिलांनाच दाखवली तुमची पोस्ट, मोठ्याने वाचून. ते उठले आणि पाना घेऊन आले.

काळी तार मीटरच्या पत्र्यामागे एका १० मिमीच्या बोल्टखाली होती. बोल्टचं डोकंसुद्धा तांबडं रंगवलेलं. आवळ इतकी घट्ट की कुणी बघितलं तर म्हणेल जोड एकदम चांगला आहे. बोल्ट काढला तर थिंबलच्या खाली रंगाचा गुळगुळीत गोल, वॉशर दाबल्याचा ठसा त्यात उमटलेला, आणि मधल्या भोकाच्या कडेला तपकिरी गंज. थिंबल स्वतः हिरवट. मीटर ओहमवर लावला: थिंबल ते इंजिन, काहीच नाही. उघडी वाट.

वडिलांनी कानशीने पत्रा पांढरा होईपर्यंत घासला. मी नवीन थिंबल दाबून बसवलं, खाली दातेरी वॉशर टाकला. परत मोजलं, ०.२ ओहम, मीटरच्या तारा एकमेकींना लावल्या तरी तेवढेच येतात.

इंजिन चालू केलं. रेस दिली आणि डब्यातून बारीक 'टिक्' आवाज आला. गेल्या आठ महिन्यांत तो आवाज ऐकला नव्हता हे तो ऐकल्यावर कळलं. काटा शून्य ओलांडून उजवीकडे, बारावर. वडील काही बोलले नाहीत, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. दहा मिनिटांनी काटा चारवर उतरला. बॅटरीवर १४.२. ई वर ०.०२.


जुना_वायरमन | रविवार, दुपारी १२:२५

शाब्बास रे. १४.२ म्हणजे रेग्युलेटर जागेवर आहे, त्या स्क्रूला आयुष्यात हात लावू नकोस. काटा आधी बारा आणि मग चार, हे बरोबर. बॅटरी भरत आली की डायनामो स्वतःच हात आखडता घेतो.

दोन कामं राहिली. बोल्टवर पेट्रोलियम जेली फास, ग्रीस नको. आणि बॅटरीपासून चेसिसला येणारी जाड अर्थिंगची पट्टी, तिच्या बुडालाही रंगाऱ्याने तेच केलं असणार. सेल्फ मारताना मीटर बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर आणि सेल्फच्या बॉडीवर धर. ०.२ व्होल्टच्या आत हवं.

एक गोष्ट लक्षात ठेव. रात्री इंजिन बंद करून अर्ध्या तासाने डायनामोला हात लाव. इंजिन गार होत आलं आणि डायनामो मात्र गरमच, तर समज कटआउटचे पॉइंट चिकटलेत आणि बॅटरी उलटी डायनामोत रिकामी होतेय. इतके महिने बंद पडलेले पॉइंट आहेत, पहिले काही दिवस बघत जा.


कऱ्हाकाठ | रविवार, संध्याकाळी ६:४०

पट्टीवर ०.९ व्होल्ट निघाले! तिथेही रंग. घासून ०.१ वर आणलं. सेल्फ इतका जोरात फिरतोय की वडील म्हणाले नवा घेतल्यावर असाच फिरायचा. डायनामो अर्ध्या तासाने गार.


रोटा_दौंड | रविवार, रात्री ९:००

मी मागे घेतो. माझ्या अल्टरनेटरच्या अर्थिंगवरही उद्या मीटर लावतो.


कऱ्हाकाठ | गुरुवार, रात्री ११:५५

वावरात बसून लिहितोय. दिंडी काल आली. काल संध्याकाळपासून टँकरच्या सात खेपा झाल्या, तीन रात्रीच्या. रस्ता माणसांनी भरलेला, त्यामुळे बराच वेळ स्लोवर, मग मधे दोन मिनिटं रेस देऊन काटा उजवीकडे नेतो. दोन्ही हेडलाईट पांढरे. आज सकाळी ट्रॅक्टर सपाटीवरच उभा होता, वडिलांनी स्वतः सेल्फ मारला. बॅटरी १२.६. दिंडीतल्या एका आजींनी पाणी भरून घेताना ट्रॅक्टरला हात लावून नमस्कार केला.

काका, सासवडला कधी आलात तर आमच्याकडे या. वडील रोज विचारतात तुमच्याबद्दल.


अंजीरबाग | शुक्रवार, सकाळी ७:१५

काका, मीही मापं घेतली. ए वर १२.९, डी वर १३.१, ई वर ०.०३. काटा उजवीकडे जातो पण दोनच्या पुढे नाही, आणि रेस वाढवली की चिरचिर आवाज येतो.


जुना_वायरमन | शुक्रवार, सकाळी ७:३०

ताई, तुमचा कटआउट मिळतोय आणि अर्थिंग उत्तम. चिरचिर म्हणजे पट्टा घसरतोय. इंजिन बंद करून पट्ट्याची आतली बाजू बघा, काचेसारखी गुळगुळीत झाली असेल तर ताणून उपयोग नाही, नवा टाका. पुलीच्या खाचेत पट्टा बुडाला टेकत असेल तर तोही झिजलाय. बसवून परत डी आणि ए चं माप टाका, मी इथेच आहे.